गाईडने गाळलेलं अर्धं प्रकरण

विनोद समजावून सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. विनोद परक्या देशातला, परक्या काळातला, आणि ऐकणारे सकाळी सात वाजता डोळे चोळत बसलेले. मुलुंडच्या एका कॉलेजात सकाळच्या सत्राला मी इंग्रजी शिकवत असे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वर्गातले निम्मे विद्यार्थी कुठेतरी कामाला असत. कुणी कंपनीत, कुणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कुणी काकाच्या दुकानात. काही जण रात्रपाळी करून थेट वर्गात येत आणि मागच्या बाकावर डोकं टेकत. मी त्यांना उठवत नसे. झोपलेला विद्यार्थी निदान चुकीचं तरी लिहून घेत नाही.

बहुतेक मुलं मराठी माध्यमातली. इंग्रजी घेतलं की नोकरी लागते या समजुतीवर आलेली. अशा वर्गाला विद्यापीठाने एक उपहासाची कादंबरी नेमली होती. नाव सांगत नाही. ज्यांना ती होती त्यांना आठवेल, ज्यांना नव्हती ते सुटले.

गोष्ट साधी आहे. एक निवृत्त इंग्रज साहेब बायकोला घेऊन एका दूरच्या बेटावर जातो. तिथले लोक रानटी आहेत, त्यांना सुधारायचं, असं त्याने ठरवलेलं असतं. तो त्यांना पाटलोणी शिवून देतो, काट्या-चमच्याने खायला लावतो, रांगेत उभं राहायला शिकवतो. बेटावरचे लोक सगळं ऐकतात. त्यांची समजूत अशी, की हा पाहुणा आजारी आहे, त्याच्या मनासारखं केलं की बरा होईल. मौज अशी की लेखक हे कुठेच उघड बोलत नाही. तो पानंच्या पानं साहेबाचं कौतुक करतो. कौतुक इतकं वाढतं की शेवटी त्याला वास यायला लागतो. तो वास ज्याला आला त्याला उपहास कळला. माझं काम एवढंच, वर्गाचं नाक उघडायचं. मी सांगायची, जिथे लेखक साहेबाची स्तुती करील तिथे समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

पहिल्या बाकावर कदम नावाचा विद्यार्थी बसे. रबराच्या कारखान्यात कामाला, वयाने वर्गात सर्वांत मोठा. त्याने एकदा हात वर केला आणि म्हणाला, "मॅडम, यात रानटी कोण ते एकदा फायनल सांगून टाका ना. म्हणजे लिहून घेतो."

"ते सांगायचं नसतं, ओळखायचं असतं," मी म्हणाले.

"ते ठीक आहे. पण पेपरात काय लिहू?"

त्याच कदमने काट्या-चमच्याच्या प्रकरणात मला अडवलं होतं. साहेबाचं यात काय चुकलं, असा त्याचा सवाल. हात स्वच्छ राहतात, वाईट काय आहे? मग स्वतःच जरा थांबून म्हणाला, "आमच्या कंपनीत मॅनेजर लोकांचं कँटीन वेगळं आहे, मॅडम. एकदा युनियनतर्फे बोलणी करायला गेलो. समोर कटलेट ठेवलं, काटा ठेवला. कटलेट उडून खाली पडलं. मॅनेजर हसला. मग पगारवाढीचं काय बोलायचं होतं तेच मी विसरलो." वर्ग हसला, कदम हसला नाही. मग वर्गही गप्प झाला. आज यांना उपहास कळला, म्हणून मी खुशीत घरी गेले. दुसऱ्या दिवशी पाहते तर सगळ्यांच्या वह्यांत एकच ओळ होती, काटा-चमचा हे सुधारणेचं प्रतीक. स्वतः कदमच्याही.

ती ओळ गाईडमधली. स्टेशनबाहेरच्या दुकानांत पिवळट कागदाची गाईडं मिळत. लिहिणाऱ्याने कादंबरी पुरती वाचलेली नसायची. तो साहेबाचं म्हणणं सरळ घ्यायचा आणि त्याचे मुद्दे पाडायचा. म्हणजे लेखकाने ज्याची टिंगल केली तेच मुलं घोकून परीक्षेला जात आणि पासही होत, कारण तपासणाऱ्यांपैकी काहींनी तेच गाईड वाचलेलं असे. मी वर्षानुवर्षं त्या गाईडशी भांडले. जिंकले असं म्हणवत नाही.

सुगंधा गावडे तिसऱ्या बाकावर बसायची. भांडुपला डोंगरउतारावर चाळ होती, तिथून येई. वडील पूर्वी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका कंपनीत वॉचमन झाले. मूळचे मालवणकडचे. घरात पदवीपर्यंत पोचणारी ती पहिलीच. अक्षर मोत्यासारखं, बोलणं कमी. फळ्यावर मी सॅव्हेज हा शब्द लिहून पुढे 'रानटी' लिहिलं, तेव्हा सगळ्यांनी माना खाली घालून उतरवून घेतलं. हिने मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. ते का, हे मला पुढे कळलं.

एकोणिसावं प्रकरण दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यायचं होतं. सुट्टी संपली, कॉलेज उघडलं. मी वर्गात शिरले तशी फिलोमिना नावाची विद्यार्थिनी टेबलापाशी आली. ती भांडुपच्याच जुन्या गावठाणातली, सुगंधाची मैत्रीण. हळूच म्हणाली, "मॅडम, सुगंधाचे वडील गेले. रात्रपाळीवरून आले, चहा घेता घेता गेले. आठ दिवस पण नाही झाले. मी म्हटलं तिला, सुतकात कशाला येतेस गं. तर म्हणते, घरात बसवत नाही."

सुगंधा जागेवर बसली होती. पुस्तक उघडून. माझी पंचाईत झाली, कारण एकोणिसावं प्रकरण मृत्यूचं होतं. मी म्हणाले, "आज आपण विसावं घेऊ या."

"एकोणिसावं घ्या, मॅडम," सुगंधा बसूनच म्हणाली. "परीक्षेला येतं ते."

मी वाचायला लागले. बेटावर एक म्हातारा मरतो. बायका जमतात, छाती पिटतात, मोठमोठ्याने रडतात. साहेबाचे कान किटतात. तो नियम करतो. सुधारलेला माणूस दुःख आवरतो. दंडाला काळी फीत बांधायची, रुमाल डोळ्यांना लावायचा, आवाज करायचा नाही. साहेबाची बायको रात्रंदिवस बसून सगळ्या बेटाला पुरतील एवढ्या काळ्या फिती शिवते. बेटावरचे लोक फिती बांधतात. आजारी माणसाचं मन कशाला मोडा. इथे गाईड संपत होतं. सुधारलेलं दुःख आणि रानटी दुःख, फरक स्पष्ट करा. सहा मुद्दे.

पण प्रकरण तिथे संपत नाही. पुढच्या अर्ध्या भागात साहेबाचं तान्हं मूल तापाने जातं. बायको काळी फीत बांधून खुर्चीत बसते. तिला रडू येत नाही, घास उतरत नाही, शब्द फुटत नाही. साहेब मित्रांना अभिमानाने कळवतो, की माझी पत्नी फार धीराची आहे. मग एका दुपारी बेटावरच्या बायका न बोलावता येतात. फिती सोडून बाहेर ठेवतात, तिच्याभोवती जमिनीवर बसतात आणि त्या पोरासाठी रडायला लागतात. त्याचे डोळे कसे होते, मुठी कशा वळायचा, सगळं सांगत सांगत रडतात. बऱ्याच वेळाने साहेबाची बायको खुर्चीवरून खाली उतरते आणि ओरडून रडते. साहेब बाहेर येरझारा घालतो. इथली हवा हिला मानवली नाही, असं म्हणतो.

शेवटच्या ओळीला हसायचं असतं. मी दर वर्षी तिथे थांबत असे आणि कुणीतरी हसावं म्हणून वाट पाहत असे. त्या वर्षी मी थांबले नाही.

तास संपल्यावर सुगंधा जिन्याच्या वळणावर उभी होती. म्हणाली, "मॅडम, पुढचं गाईडमध्ये नाहीच."

"नसतंच ते," मी म्हणाले.

ती काही वेळ कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिली. मग बोलायला लागली, आणि तीन वर्षांत बोलली नव्हती इतकं एकदम बोलली.

"आजी गेली तेव्हा मी बारावीत होते. आमच्यात कुणी गेलं की बायका रडतात, मॅडम. हेल काढून. आई आणि काकी रडत होत्या. समोर नवी सोसायटी झालीय, तिथले एक जण आले. म्हणाले, आमच्या मुलांच्या परीक्षा आहेत, काय हा रानटीपणा चाललाय. मी दारातच उभी होते. बाबांनी हात जोडले त्यांना. बाबा गेले तेव्हा आईने तोंड उघडलं, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, आई, आवाज करायचा नाही. आपण शिकलेली माणसं. गाईडमध्ये होतं ना, सुधारलेला माणूस दुःख आवरतो. मला वाटलं, तुम्ही पण तेच शिकवणार."

"मग?"

"मग काही नाही. ती गप्प बसली ती बसलीच. बाबांना नेलं तरी गप्प. आता जेवत नाही, बोलत नाही. भिंतीला टेकून बसते. मी सांगितलं तिला, आई, रड आता. ती म्हणते, आता येना नाय. गावाहून आत्या आलीय, ती माझ्याशी बोलत नाही." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मी काय करू, मॅडम?"

या पुस्तकात काय आहे, असं मला हजारदा विचारलं गेलं होतं. या पुस्तकाचं मी काय करू, असं कुणी विचारलं नव्हतं. माझं माहेर पुण्याचं. आमच्याकडे रडणं न्हाणीघरात नळ सोडून उरकतात. मी तिला काय सांगणार होते? "रविवारी घरी येते," एवढंच म्हणाले.

बारावं दोन दिवसांवर आलं होतं. रविवारी दुपारी फिलोमिना मला भांडुप स्टेशनवर भेटली आणि आम्ही डोंगराच्या पायऱ्या चढायला लागलो. मध्ये दम खायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "आमच्यात पण म्हाताऱ्या अशाच रडायच्या, मॅडम. माणसाचं सगळं सांगून. मग फादर म्हणाले, मेलेला देवाकडे जातो, ओरडता कशाला. आता आम्ही गाणी म्हणतो चर्चमधली. चांगली असतात. पण गाणी सगळ्यांना तीच ना. माझी आजी गेली तेव्हा ती चिंबोऱ्या कशी पकडायची ते कुणी बोललंच नाही."

खोली लहान होती. पुरुष बाहेर गॅलरीत बाकड्यावर बसले होते, आम्ही आत गेलो. सुगंधाची आई भिंतीला टेकून बसली होती. अंग वाळलेलं, डोळे कोरडे, समोर कुठेतरी लावलेले. शेजारी आत्या, म्हणजे गेलेल्याची थोरली बहीण. मी खाली बसले आणि अशा वेळी जे बोलतात ते बोलले. फार वाईट झालं, तुम्ही धीर धरा, मुलगी हुशार आहे. माझं पुस्तकी मराठी मलाच ऐकू येत होतं. आई प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होती.

आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमीच काय गो तिच्या मास्तरीण?"

"हो."

"माज्या भावाक बेवारशासारखो न्हेलानी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "एक हाक नाय मारल्यानी. शेजारणीक समाजला नाय, घरातलो माणूस गेलो तो. माका सांगा, शिकलेल्या माणसांका माणूस गेलेला समाजणा नाय काय?"

"चेडवान सांगल्यान, आवाज करू नको," आई मुलीबद्दल म्हणाली. तक्रार म्हणून नाही. नळाला पाणी गेलं असं सांगावं तसं. त्या दुपारी व्हय सोडून ती पहिल्यांदा काही बोलली ते हे.

सुगंधा स्टोव्हपाशी उभी होती. तिचा चेहरा पाहवेना. मला वाटलं, आपण उठावं, आपल्या असण्यानेच ही जास्त अवघडली असेल. मी पदर सावरत उठायच्या बेतात होते, तेवढ्यात ती आली आणि आईच्या समोर मांडी घालून बसली. ओढणी डोक्यावरून घेतली. एकदा माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षं ज्या बाईकडून ती सुधारणा शिकत होती, त्या बाईच्या देखत तिला हे करायचं होतं.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, आमका टाकून खंय गेलास रे."

नीट जमलं नाही. आवाज सपाट होता, धडा वाचल्यासारखा. तिने असं रडणं लहानपणापासून ऐकलं होतं, केलं कधीच नव्हतं. आत्या तिच्याकडे बघतच राहिली. गॅलरीतलं बोलणं थांबलं. सुगंधाने पुन्हा सुरुवात केली. हेल काढायला गेली, तो मध्येच तुटला. "गावाहून येस्टीत बसून मुंबैक इलास रे, बाबा. मिलात लागलास रे..."

"बोटीन," आई म्हणाली.

सुगंधा थांबली.

"येस्टीन नाय. बोटीन इले. येस्टी खंय होती तेवा."

"बोटीन इलास रे, बाबा," सुगंधा म्हणाली. आता तिचा आवाज हलायला लागला होता. "बोटीन इलास, मिलात लागलास..."

"पयले मिलात नाय." आईने भिंतीची पाठ सोडली होती. "पयले खानावळीत. भांडी घासली तेंनी, हाताची सालां गेली. मिल मगे. तुका काय म्हायत. तू खंय होतंस?"

"तू सांग मगे," सुगंधा म्हणाली. "आई, तू सांग. माका म्हायत नाय."

आई तिच्याकडे पाहत होती. मला वाटतं, इतक्या दिवसांत तिने मुलीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तिने हात पुढे केला. मला क्षणभर भीती वाटली, ही मारते की काय. तिने सुगंधाच्या डोक्यावरची घसरलेली ओढणी सारखी केली.

"तू गप रव," ती म्हणाली. "तुका जमणा नाय."

आणि तिने तोंड उघडलं. आधी नुसता श्वास आला, ओढल्यासारखा. मग तो आवाज आला. तसा आवाज मी आयुष्यात कधी इतक्या जवळून ऐकला नव्हता. मला पळून जावंसं वाटलं, हे खरं आहे ते सांगते. मग त्या आवाजात शब्द यायला लागले, तेव्हा मी बसून राहिले. धन्यानू, म्हणाली ती नवऱ्याला. पेजेत मीठ नसला तरी कदी बोललात नाय. गिरण बंद पडली, चेडवाची शाळा बंद पडूक दिलात नाय. दुसऱ्याच्या दारात रातभर उबे रवलात आणि आपल्या दारात येवन पडलात. एकेका वाक्याला ती झुलत होती, आणि प्रत्येक वाक्यात तो माणूस थोडा थोडा आमच्यासमोर येत होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. आता तो मला ओळखीचा झाला होता.

दारात शेजारणी येऊन उभ्या राहिल्या. एकजण आत आली, बसली. मग दुसरी. कुणी कुणाला बोलावलं नाही. खोली भरली तशी मी सरकत सरकत कोपऱ्यात गेले. फिलोमिनाने तोंड गुडघ्यांत घातलं होतं. सुगंधा आईच्या मांडीवर कोसळली होती आणि ओरडून रडत होती, कुठलाही हेल न काढता, लहान मूल रडतं तशी. आईचा एक हात तिच्या पाठीवर होता. दुसऱ्या हाताने ती जमिनीवर थापट्या मारत सांगत होती, बोटीवरून उतरलेला पोरगा, त्याची वळकटी, तो तिच्याशी बोलला तो पहिला शब्द.

आत्या इतका वेळ ताठ बसली होती. तिने ऐकलं, पुष्कळ वेळ ऐकलं. मग मान हलवली आणि शेजारी मी होते म्हणून मला म्हणाली, "आता गेलो माजो भाव."

तिने पदर तोंडाला लावला नाही. डोक्यावरून घेतला, भावजयीच्या जवळ सरकली आणि तिच्या आवाजात आपला आवाज मिळवला.